दार-चौकटीच्या सांध्यात खुंटीचं भोक अचूक कसं पाडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे दिलेदार दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, देवघरं, पाट, पलंग यांतले बहुतेक सांधे खुंटीवर उभे असतात. एका पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे कुसू. ते दुसरीच्या खाचेत बसतं आणि दोन्हींतून आडवी खुंटी जाते. सांधा सुटला तर दोष बहुधा लाकडाला नाहीतर सरसाला दिला जातो. प्रत्यक्षात दहापैकी आठ वेळा भोक चुकलेलं असतं. या पानावर त्या भोकाबद्दलच बोलू. मापं ३८ मिमी जाडीच्या सागवानी दरवाजाची धरली आहेत. दुसरीकडे वेगळं माप असेल तिथे तसं सांगितलं आहे.

खुंटी किती जाडीची घ्यावी? ३ सूत की १० मिमी?

दोन्ही चालतात, पण एका कामात एकच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून ३ सूत म्हणजे ९.५ मिमी. १० मिमीच्या भोकात ३ सुताची खुंटी घातली तर अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई राहते आणि ती खुंटी पहिल्या उन्हाळ्यातच हाताने फिरते. उलट केलं, तर ठोकताना खाचेची भिंत तडकते. जुन्या दरवाजाची दुरुस्ती असेल तर आधी जुनं भोक व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ते बहुधा सुतातलं असतं. नव्या कामाला ड्रिलची मिमीमधली बिटं सहज मिळतात म्हणून १० मिमी सोयीचं. खिडकीच्या २५ मिमी पट्ट्यांना ६ मिमी पुरे. १०० × ७५ मिमीच्या चौकटीला १२ मिमी घ्या.

भोक काठापासून किती आत असावं?

खाच ज्या काठात आहे, त्या काठापासून भोकाचा मध्य १५ ते १८ मिमी आत. म्हणजे १० मिमीच्या भोकापुढे १० ते १३ मिमी लाकूड शिल्लक राहतं. याहून जवळ गेलात तर उभ्या पट्टीच्या काठाचा तुकडा रेषेरेषेने, म्हणजे लाकडाचे तंतू धावतात त्या दिशेने, सुटतो. फार आत गेलात तर कुसवाच्या टोकाकडे लाकूड कमी पडतं. तिथे भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत निदान २० मिमी, शक्यतो २५ मिमी हवं. बंद खाचेतलं कुसू ४५ मिमी लांब असेल तर हे गणित जेमतेम जमतं. ३० मिमीचं कुसू असेल तर १० मिमीच्या खुंटीचा नाद सोडा, ६ मिमी वापरा आणि भोक १० मिमीवर घ्या.

एका सांध्याला एक खुंटी की दोन?

आडवी पट्टी ७५ मिमीपर्यंत रुंद असेल तर एक. त्यापुढे दोन. दोन असतील तर त्या काठापासून सारख्याच अंतरावर ठेवू नका. उभ्या पट्टीतली रेषा वरून खाली धावते. दोन्ही भोकं तिच्यावर आली की पट्टी चिरायला आयती वाट मिळते. एक १५ मिमीवर, दुसरं २१-२२ मिमीवर घ्या. जुने कारागीर हे नेहमी करत. वाड्याच्या दारावर वेड्यावाकड्या वाटणाऱ्या खुंट्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशा मुद्दाम मागेपुढे मारलेल्या असतात.

‘ओढ’ म्हणजे काय, आणि ती कुठल्या बाजूला द्यायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न हाच.

खाचेच्या दोन भिंतींतली भोकं आणि कुसवातलं भोक एका रेषेत ठेवायची नाहीत. कुसवातलं भोक थोडं सरकवायचं. टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती या तीन भोकांतून वाट काढताना कुसू खाचेत ओढून घेते आणि खांदा (कुसू जिथे सुरू होतं तिथली पट्टीची पायरी) काठाला घट्ट चिकटतो. यालाच इथे ओढ म्हटलं आहे.

कुसवावरची खूण खांद्याकडे सरकवायची. टोकाकडे नाही. खाचेचं भोक काठापासून १६ मिमीवर असेल तर कुसवाचं भोक खांद्यापासून १४.५ मिमीवर. उलटी ओढ दिली तर खुंटी सांधा बंद करण्याऐवजी उघडते, आणि जितकं ठोकाल तितकी फट वाढते. म्हणून भोक पाडण्याआधी खांद्याकडे बाण काढायची सवय लावा.

किती द्यायची, हे खुंटीच्या जाडीवर आणि लाकडावर ठरतं. सागवानात १० मिमी खुंटीला १ ते १.५ मिमी. ६ मिमीला पाऊण ते १ मिमी. १२ मिमीच्या चौकटीच्या खुंटीला २ मिमीपर्यंत. पाइनसारख्या मऊ लाकडात थोडी जास्त चालते, कारण ते दबतं. बाभळीसारख्या कडक लाकडात १ मिमीच्या पुढे जाऊ नका. ओढ जास्त झाली तर खुंटी आतल्या आत मोडते आणि बाहेरून काहीच कळत नाही. कमी झाली तर ती नुसती शोभेची.

खूण कुसवावर कशी उतरवायची? मोजून की आरपार?

आरपार. मोजून काढलेल्या खुणेत दोन पट्ट्यांच्या दोन चुका एकत्र येतात.

आधी खाचेच्या पट्टीत भोक पाडा, कुसू न घालता. मात्र खाच रिकामी ठेवू नका. कुसवाच्याच जाडीचा टाकाऊ तुकडा आत सरकवा, नाहीतर बिट पहिल्या भिंतीतून बाहेर पडताना आतल्या बाजूने खपल्या काढतं आणि दुसऱ्या भिंतीवर टेकताना घसरतं. मग तुकडा काढा, खरं कुसू घाला, खांदा काठाला पूर्ण टेकेल असा क्लँप लावा. इथे कागदाएवढीही फट राहिली तर ती थेट ओढीतून वजा होते. आता त्याच बिटाचं टोक भोकातून घालून हाताने एक-दोन वेढे फिरवा, म्हणजे कुसवावर मध्याचा ठिपका उमटेल. ड्रिल चालू करू नका.

कुसू बाहेर काढा. ठिपक्यातून खांद्याला समांतर रेघ काढा, मग १.५ मिमी खांद्याकडे दुसरी रेघ. पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते, त्यामुळे खतावणीची (काठाला समांतर रेघ ओढायच्या अवजाराची) किंवा धारदार चाकूची रेघ बरी. नव्या मध्यावर टोच्याने खोलगट खूण करा. टोच्या सरळ धरा. तिरका धरला तर खड्डा तिरका होतो आणि बिटाचं टोक त्याच उतारावरून घसरतं.

बिट खुणेवरून सरकतं. असं का होतं?

कारणं तीन. पहिलं, बिट चुकीचं. लोखंडासाठीच्या साध्या बिटाचं टोक ११८ अंशांचं, बोथट शंकूसारखं असतं. लाकडात ते मऊ भाग शोधत जातं. सागवानात वर्षवलयाच्या सुरुवातीच्या मोठ्या छिद्रांचा पट्टा मऊ आणि त्यानंतरचा दाट. खूण दोन्हींच्या सीमेवर असेल तर साधं बिट मऊ बाजूला वळणारच. मध्ये अणकुचीदार टोक आणि कडेला दोन धारा असलेलं लाकडाचं बिट घ्या. दुकानात ‘वुड बिट’ मागितलं तर कधी चपटं फावड्यासारखं बिट हातात देतात. ते पाइप-वायरिंगच्या भोकांसाठी ठीक, खुंटीसाठी नाही.

दुसरं, धार गेलेली. सागवानात सिलिका असते, त्यामुळे हायस्पीड स्टीलची धार लवकर मरते. भुशाऐवजी काळसर पीठ पडायला लागलं, जळका वास आला, की बिट बदला किंवा धार लावा.

तिसरं, आधी बारीक भोक पाडण्याची सवय. लोखंडात ती बरोबर आहे. अणकुचीदार टोकाच्या बिटाला मात्र आधीचं ४ मिमीचं भोक मिळालं की त्याचं टोक अधांतरी राहतं आणि बिट हवं तिकडे जातं. टोच्याचा खड्डा पुरेसा आहे.

हाताच्या ड्रिलने सरळ भोक पडतं का? थोडं तिरकं झालं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि नक्की किती ते काढता येतं. १ अंश कलला तर ३८ मिमी खोलीवर भोक ०.६६ मिमी सरकतं, २ अंशांना १.३ मिमी. पुढच्या भिंतीतून कुसवावर उतरवलेली खूण त्या तिरकेपणाशी जुळलेली असते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मागची भिंत २५ मिमी खोलीवर सुरू होते. २ अंशांच्या कलाला तिथे भोक जवळजवळ ०.९ मिमी हललेलं असतं. खांद्याच्या दिशेने हललं असेल तर १.५ मिमीची ओढ मागे ०.६ उरते, विरुद्ध दिशेने हललं असेल तर २.४ होते आणि खुंटी तिथेच मोडते. समोरून सांधा घट्ट आणि मागून फट, किंवा दरवाजा पिळल्यासारखा दिसणं, यामागे बऱ्याचदा हे असतं.

उभं ड्रिल मशीन असेल तर प्रश्न मिटतो, पण टेबल काटकोनात आहे का ते आधी तपासा. जाड तार इंग्रजी ‘L’सारखी वाकवून चकमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) पकडा, टोक टेबलाला हलकं टेकवा आणि चक हाताने फिरवा. चारी बाजूंना सारखं टेकलं पाहिजे. एका बाजूला कागद सरकण्याइतकी फट दिसली तर टेबल कललं आहे.

जागेवरच काम असेल तर मार्गदर्शक ठोकळा करा. ५० मिमी जाडीच्या कडक लाकडात उभ्या मशीनवर १० मिमीचं भोक पाडून घ्या आणि तो ठोकळा खुणेवर क्लँप करा. लाकडी भोक वापराने सैल होतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींकडे एखाद्या लेथवाल्याकडून १०.१ मिमी आतल्या मापाचं पोलादी बुश (आखूड नळी) करून घेऊन ठोकळ्यात बसवलं तर ते पूर्ण वाड्याला पुरेल. काम छोटं आहे, पण बुशाच्या आत-बाहेरचा मध्य एकच असायला हवा, हे त्याला आवर्जून सांगा.

काहीच नसेल तर जुनी सीडी खुणेवर ठेवा, मधल्या भोकातून बिट लाकडावर टेकवा. बिट आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं की ड्रिल काटकोनात आहे. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहा. सुरुवात केल्यावर सीडी काढून घ्या.

मागच्या बाजूने खपली उडते.

मागे टाकाऊ फळी घट्ट क्लँप करा. नुसती खाली ठेवलेली फळी चालत नाही, मध्ये हवा राहिली तर खपली उडतेच. दुसरा उपाय : बिटाचं टोक मागे सुईएवढं दिसलं की थांबा, पट्टी उलटा आणि त्या छिद्रावरून परत या. दर १० मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. १० मिमीच्या बिटाला मिनिटाला हजार-दीड हजार फेरे पुरेत.

चौकटीत ७५-१०० मिमी खोल भोक एका बाजूने मारावं की दोन्हीकडून?

दोन्हीकडून. १०० मिमीवर १ अंशाची चूक पावणेदोन मिमी होते. दोन्हीकडून आलात तर प्रत्येक बाजूला तिच्या निम्मी. अट एवढीच, की दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच तोंडावरून घ्यायच्या. चौकटीची एक बाजू रंध्याने सपाट करून तिच्यावर खूण करा आणि खतावणी नेहमी तिलाच टेकवा. समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत असं गृहीत धरून एकदा इकडून, एकदा तिकडून मोजलं, की भोकं मध्ये भेटत नाहीत. जुन्या चौकटींत तर दोन टोकांच्या जाडीत ३-४ मिमीचा फरक सहज सापडतो. मध्ये छोटी पायरी राहिलीच तर गोल कानशीने घासा. बिट पुन्हा आरपार घालून ‘सरळ’ करायला गेलात तर भोक लंबगोल होतं.

खुंटी कशाची?

बांबू किंवा बाभूळ. बांबू फाडला की रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड मिळते, आणि ओढ सोसायला तेच हवं. पक्का, वाळलेला बांबू घ्या, पेर टाळा, सालीकडचा घट्ट भाग ठेवा, आतला मऊ भाग काढून टाका. भुंगा लागतो तो बहुधा त्यालाच. जाड बांबूतूनही १० मिमीची काडी मिळणं कठीण जातं, म्हणून तो ६-८ मिमीच्या खुंट्यांना. त्यापुढे बाभूळ, तीही करवतीने कापून नव्हे, पटाशीने फोडून. कापलेल्या काडीत रेषा तिरकी बाहेर पडते आणि खुंटी तिथेच तुटते. दुकानातले तयार गोल दांडे याच कारणाने ओढीच्या सांध्याला नकोत. सागवानाची खुंटी रंगाला जुळते, पण १.५ मिमीची ओढ तिला जड जाते.

गोल करायला ६-८ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या. तिच्यात १२, ११ आणि १० मिमीची भोकं पाडा, खालच्या बाजूने ती थोडी मोठी करा, वरची कड धारदार ठेवा. चाकूने अंदाजे गोल केलेली काडी हातोडीने एकेका भोकातून खाली काढायची. खुंटी ७० मिमी लांब ठेवा, टोकाकडचे २०-२५ मिमी निमुळते, टोक ६ मिमीचं. फार टोकदार केलीत तर टोक मागच्या भिंतीत अडकून चिरडतं. थोडं मेण चोळा आणि ठोका.

खुंटी लाकडापेक्षा जास्त वाळलेली हवी. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवस ठेवलेल्या काड्या उत्तम. पावसाळ्यात केलेली खुंटी होळीपर्यंत आकसून सुटते.

सरस लावावा का?

ओढ बरोबर असेल तर गरज नाही, आणि वाड्याच्या दुरुस्तीत तर नकोच. पुढच्या पिढीला सांधा उघडता आला पाहिजे. गोदाकाठच्या भागात हे जास्त खरं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांसारख्या पाण्यात भिजलेला दरवाजा खुंट्या काढून सुटा करून वाळवता येतो. चिकटवलेला असेल तर फाडावा लागतो. लावायचाच असेल तर सागवानाचं तेलकट तोंड आधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा.

मधली आडवी पट्टी २०० मिमी रुंद आहे. दोन्ही खुंट्या घट्टच ठेवायच्या?

वरची घट्ट. खालच्या खुंटीसाठी कुसवातलं भोक वर-खाली १ मिमी लांबट करा, ओढीच्या दिशेने मात्र अजिबात नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मेच्या कोरड्या हवेतून श्रावणाच्या दमटपणात आल्यावर १५० मिमीच्या सागवानी पट्टीत सुमारे १ मिमीचा फरक पडू शकतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे, जास्त पावसाच्या भागात, बसवायचा दरवाजा असेल तर भोक आणखी अर्धा मिमी लांबवा. दोन्ही खुंट्या आवळल्या तर पट्टी मधोमध चिरते, आणि ती चीर पाहून लोक लाकूडवाल्याला शिव्या घालतात.

लाकडाच्या आत लोखंडी किंवा पितळी जीभ असेल तर?

सुरी-विळ्याच्या मुठी, कडीचे दांडे यांना हे लागू. जीभ उघडी असेल तर आधी धातूत भोक पाडा आणि तेच साच्यासारखं वापरून लाकडात. जीभ आत लपलेली असेल तर क्रम उलटा : लाकडाच्या एका बाजूने भोक, त्यातून धातूवर खूण, जीभ बाहेर काढून सेंटर पंच, मग ३ मिमीचं भोक. लाकूड आणि धातू एका दमात मारायला गेलात तर धातूवर टेकल्याक्षणी बिट वाकतं आणि लाकडातलं भोक खराब होतं. इथे ओढ द्यायची नाही. धातूतलं भोक लाकडाच्या रुंदीच्या दिशेने अर्धा मिमी लांबट करा.

जुनी खुंटी कशी काढायची?

आधी लोहचुंबक फिरवा. कुणीतरी मध्ये केव्हातरी खिळा ठोकलेला असतो आणि नवीन बिट त्यावरच जातं. मग दोन्ही बाजू पाहा. खुंटी आरपार असेल तर बारीक टोकाच्या बाजूने, तिच्याहून थोड्या कमी जाडीच्या लोखंडी दांड्याने ठोका. आरपार नसेल तर मध्ये ३ मिमीचं भोक पाडून लाकडी स्क्रू पिळा आणि पंजाच्या हातोडीने ओढा. हातोडीखाली फळी ठेवा, नाहीतर दरवाजावर चंद्रकोर उमटेल.

भोक मोठं किंवा लंबगोल झालं आहे. बुजवून त्याच जागी नवं मारू का?

थोडंच मोठं असेल तर बुजवू नका; तिन्ही भोकं ११ किंवा १२ मिमीची करून जाड खुंटी घाला. ओढ नव्याने मोजावी लागेल.

बुजवायचंच असेल तर गोल दांड्याचा तुकडा घालू नका. त्याचं वर येणारं तोंड म्हणजे रेषेची टोकं, आणि भोवतीच्या पट्टीची रेषा आडवी. दोन्हींचा कडकपणा वेगळा, त्यामुळे बिट सीमेवरून घसरतं. पट्टीच्या रेषेला समांतर रेषा असलेली चौकोनी खपली बसवा, सरसाने चिकटवा, २४ तास थांबा. नव्या भोकाचा मध्य पूर्णपणे खपलीत किंवा पूर्णपणे जुन्या लाकडात येऊ द्या. जोडाच्या रेघेवर कधीच नाही.

खुंटी ठोकताना कुठे थांबायचं?

आवाजावरून. सुरुवातीला पोकळ ‘टप् टप्’ येतो, ओढ बसू लागली की भरीव होतो, आणि खांद्याची फट डोळ्यांदेखत मिटते. टोक मागून पूर्ण जाडीने बाहेर आलं की थांबा. पुढे ठोकलं तर डोकं फुलतं. एखादा ठोका अचानक हलका गेला, तर आत खुंटी मोडली आहे : लगेच बाहेर काढा, ओढ मोजा, नवी खुंटी घ्या. बाहेर आलेली टोकं लगेच कापू नका. एक पावसाळा-उन्हाळा जाऊ द्या, सांधा सैल वाटला तर तीच खुंटी आणखी ३-४ मिमी आत जाते.